छातीच्या उंचीवरचा घेर

झाडाचा घेर कुठे मोजायचा याचा जंगलखात्यात एक नियम आहे. अगदी बुडाशी मोजला तर मुळांचा फुगवटा मध्ये येतो आणि फार वर मोजायचा तर शिडी लागते. म्हणून जमिनीपासून साडेचार फुटांवर फीत लावायची. याला छातीची उंची म्हणतात. कुणाची छाती, ते नियमात लिहिलेलं नाही. नियम करणारा साहेब असणार, तेव्हा छातीही साहेबाचीच असावी. आमच्या पट्ट्यात मात्र ती एका ठाकराची होती, आणि पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी गार्ड म्हणून नोकरीला लागलो. आमचं घर बेलवलीला, घरची थोडी भातशेती. वडिलांना मुलगा रेल्वेत जावा असं फार वाटे. जंगलखात्याचा कागद आला तेव्हा ते म्हणाले, "सरकारी आहे ना? मग झाडं मोज, नाहीतर पानं मोज." मी खरोखरच झाडं मोजणार आहे हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

माझ्याकडे बारवीच्या बाजूचं जंगल आलं. बदलापूरहून पायी निघालं की दोन-अडीच तासांनी तिथे पोचता येई. तिथल्या एका उतारावर कुणा जुन्या साहेबानं चाळीसेक झाडं निवडून ठेवली होती. सगळी इतरांपेक्षा उंच, काही तर खूपच उंच: ऐन, बेहडे, हेद आणि सावरी. प्रत्येकाच्या बुडाशी हातोड्यानं नंबर ठोकलेला. दरवर्षी माघात पानं झडून शेंडे मोकळे दिसायला लागले की या झाडांची उंची आणि घेर मोजायचा, वहीत मागच्या आकड्याखाली नवा आकडा लिहायचा आणि वही रेंजर साहेबांकडे पाठवायची. झाड वर्षाला किती वाढतं हे त्यावरून ठरणार, आणि कुठलं जंगल किती वर्षांनी तोडायचं हे त्यावरून.

उंची मोजण्याची रीत सोपी आहे, निदान सांगायला. आपल्या हाताच्या लांबीची काठी घ्यायची, हात ताठ करून ती समोर उभी धरायची आणि मागे मागे सरकत जायचं. काठीच्या खालच्या टोकाशी बुंधा आणि वरच्या टोकाशी शेंडा आला की थांबायचं. आपण उभे आहोत तिथून झाडापर्यंत जेवढं अंतर, तेवढी झाडाची उंची. हे मैदानात. जंगलात मागे सरकताना पाठीत करवंदीची जाळी घुसते आणि उतारावर पाय घसरतो. पहिल्या वर्षी मी एका बेहड्याची उंची मागच्या वर्षीपेक्षा चौदा फूट कमी लिहून पाठवली. रेंजर साहेबांनी वही परत करताना एवढंच विचारलं, "झाड खाली बसलं होतं का?" ही थट्टा ऑफिसात वर्षभर चालली. तेव्हापासून आकड्यांच्या बाबतीत मी फार हट्टी झालो. माझ्या वहीत खाडाखोड दिसली तर मला जेवण गोड लागत नसे.

घेराचा आकडा मात्र पहिल्यापासून बिनचूक येई, कारण फीत कुठे लावायची ते मला ठरवावं लागत नसे. पट्ट्याच्या वरच्या अंगाला ठाकरांची पंधरा-वीस घरांची वाडी होती. तिथला एक म्हातारा दरवर्षी मोजणीला मदतीला असे. ठाकरांत एवढा उंच माणूस मी दुसरा पाहिला नाही. पट्टा आखणाऱ्या त्या जुन्या साहेबानं याला झाडाशी उभं करून साडेचार फुटांची काठी शेजारी लावली, तेव्हा काठीचं टोक बरोबर याच्या काखेशी आलं. साहेब खूश झाला. म्हणाला, आता काठी नको, हाच आपली काठी. तेव्हापासून म्हातारा झाडाला छाती लावून उभा राही, फितीचं टोक काखेशी धरी, आणि दुसऱ्यानं फीत फिरवून आणायची. साहेब निघून गेला. खोडावर त्या उंचीची खूण रंगानं करायची असते, पण लढाईच्या काळात रंग मिळेनासा झाला, नंतर कुणी मागवला नाही. म्हातारा तेवढा राहिला.

"माझी छाती सरकारी हाय," तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला. हे तो थट्टेनं म्हणत नव्हता. मोजणीच्या दिवसांत तो वाडीत कुणाला खांद्यावर ओझं उचलू लागत नसे, छाती दबेल म्हणून. वाडीतल्या बायका त्यावरून त्याला खूप चिडवत. ठाकरांच्या बोलण्यात लहानमोठा, साहेब-गार्ड असा भेद नसतो, सगळ्यांना तू. तो मला तू म्हणे आणि मी त्याला बाबा म्हणे. रेंजर साहेबांनाही तो तूच म्हणे. त्यांना ते आवडत नसे, पण करतात काय.

सात नंबरची सावर ही पट्ट्यातली सगळ्यांत उंच. माझ्या काठीनं ती एकशे वीस फुटांच्या आगेमागे येई. बुडाशी तिला भिंतींसारखे पाख फुटलेले, वर चढत ते हळूहळू खोडात मिसळत गेलेले. खोडावर जुने बोथट काटे. आणि वर, शेंड्याजवळच्या आडव्या फांद्यांना, आग्या मोहोळाची पोळी लटकलेली. एका वर्षी मी वीस मोजली. त्या उतारावर एवढ्या उंच आडव्या फांद्या असलेलं दुसरं झाड उरलं नव्हतं, आणि आग्या माशी बुटक्या झाडावर बसत नाही. वाडीचा वर्षाचा मध आणि मेण त्या एका सावरीवरून येई. झाडावर चढायचा मान म्हाताऱ्याच्या घराकडे होता. आधी तो चढे, आता त्याचे मुलगे चढत.

सावरीला खात्याचा एक नियम होता. छातीच्या उंचीवर घेर दहा फूट झाला की त्या झाडाची नोंद बंद करायची आणि ते तोडीला द्यायचं. त्यापुढे सावर आतून पोकळ व्हायला लागते असं म्हणत. लाकूड हलकं, पांढरं. काडेपेटीच्या काड्यांना ते लागे आणि अंबरनाथच्या बाजूला त्याला भरपूर मागणी होती. म्हाताऱ्याला हा नियम पाठ होता. सात नंबरची मोजणी झाली की तो फीत गुंडाळता गुंडाळता विचारी, "अजून किती?" पहिल्या वर्षी मी म्हणालो, एक वीत आणि वर चार बोटं. तो मान डोलवी आणि पुढच्या झाडाकडे चालू लागे. पुढच्या वर्षी वीतभर. मग वीतभराला थोडं कमी. झाडाच्या वाढीवर नाराज होणारा माणूस खात्यात मी एकटाच असेन. सावर वर्षाला दोन-दोन इंच फुगत होती. रेंजर साहेब वहीतल्या त्या आकड्यांवर पेन्सिलीनं खूण करत आणि म्हणत, जमीन चांगली आहे.

माझ्या नोकरीच्या सहाव्या वर्षी खात्यानं म्हाताऱ्यासाठी खाकी कोटाचं कापड मंजूर केलं. काटेरी खोडांना छाती लावून लावून त्याचा आधीचा कोट पार चिंधी झाला होता. मी कापड आणि तो जुना कोट घेऊन उल्हासनगरला गेलो. आम्ही तेव्हाही त्याला कॅम्पच म्हणायचो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांनी तिथल्या बराकींत राहता राहता दुकानं थाटली होती, आणि शिलाईचं काम तिथे कल्याणपेक्षा लवकर होई. एका म्हाताऱ्या सिंधी शिंप्याला मी जुना कोट दिला आणि सांगितलं, याच मापाचा शिव. पंधरा दिवसांनी कोट घालून बघायला मी आमच्या म्हाताऱ्याला बरोबर नेलं. बदलापूरला गाडीत बसून तो पहिल्यांदाच एवढ्या लांब येत होता. कॅम्पातल्या गर्दीत तो माझ्या शर्टाची बाही धरून चालत होता.

त्यानं कोट घातला तर तो पुढून गुडघ्यांपर्यंत लोंबत होता आणि मागून वर उचलला गेला होता. मला शिंप्याचा राग आला. मी त्याला म्हणालो, जुना कोट दिला होता ना मापाला? त्यानं जुना कोट टेबलावर पसरला, नवा काढून त्यावर ठेवला. दोन्ही बरोबर एकसारखे. मग म्हाताऱ्याभोवती एक फेरी मारून तो मला म्हणाला, "साईं, कोट बरोबर है. आदमी बदल गया है. जब पुराना सिला तब ये बाबा सीधा था. अब झुक गया है, देखो, चार-पाँच उंगल नीचे आ गया." आणि त्यानं म्हाताऱ्याच्या काखेशी बोट लावून, जुन्या कोटाची काख जिथे यायला हवी होती तिथे दुसरं बोट हवेत धरलं.

मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवर टांगलेल्या रंगीत कपड्यांकडे बघत होता. त्याला हिंदी समजत नाही असं मी धरून चाललो होतो. शिंप्यानं कोट पुढून कापून दिला आणि आम्ही परत आलो. त्या दोन बोटांमधली जागा काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी साडेचार फुटांची काठी मोजून कापली आणि एकटाच सात नंबरशी गेलो. काठी खोडाला लावून खडूनं खूण केली. फितीचं टोक खुणेजवळच्या एका काट्यात अडकवून मी ती खोडाभोवती फिरवून आणली. घेर नऊ फूट सात इंच. मागच्या वर्षी वहीत लिहिला होता नऊ फूट दहा. तीन इंचांनी झाड आटलेलं. झाडं आटत नाहीत. म्हातारा वाकत गेला, त्याची काख खाली येत गेली, फीत खाली येत गेली, आणि खाली सावरीचे पाख फुगलेले. वर्षाला दोन इंच वाढत होतं त्यातलं निम्मं झाड होतं आणि निम्मं त्याचं म्हातारपण. काठीनं मोजलं असतं तर त्या झाडाला अजून चार-पाच वर्षं तरी होती. म्हाताऱ्याच्या छातीनं मोजलं तर ते याच माघात दहा फूट भरणार होतं. म्हणजे जी सावर राहावी म्हणून तो दरवर्षी बोटं मोजत होता, तिला तो स्वतःच तोडीला नेऊन उभं करणार होता.

आता मी काय करायला हवं होतं हे शेंबड्या पोरालाही समजेल. काठी न्यायची. पण काठी नेली की ती म्हाताऱ्याच्या शेजारी उभी राहणार, सगळ्या वाडीसमोर. सरकारी छाती गेली, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळणार. मला ते बघवलं नसतं. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. दुसरंही होतं, ते आज लिहितो. काठी आली की सहा वर्षांचे माझ्या हातचे सगळे आकडे खोटे ठरणार होते. खाडाखोड नसलेल्या माझ्या त्या वहीवर रेंजर साहेबांनी तिरकी रेघ ओढली असती. आणि "झाड खाली बसलं होतं का" ही थट्टा माझ्या रिटायरमेंटपर्यंत पुरली असती.

मी मधला मार्ग काढला. फीत फिरवून आणणारा मीच असे. म्हाताऱ्यानं टोक काखेशी धरलं तरी खोडाच्या मागच्या बाजूनं आणि शेवटी टोकाशी जुळवताना मी फीत चार-पाच बोटं वर सरकवणार होतो. आकडा खरा येईल, म्हाताऱ्याला कळणार नाही, वही स्वच्छ राहील. सगळ्यांचं भलं. असा विचार मी केला आणि मला तो फार हुशारीचा वाटला.

त्या वर्षी घेर दहा फुटांना टेकणार म्हणून रेंजर साहेब स्वतः आले. म्हातारा नवा कोट घालून आला होता. सात नंबरशी वाडीतली सात-आठ माणसं जमली होती, कारण त्यांनाही काय ठरतंय ते माहीत होतं. म्हाताऱ्यानं झाडाला छाती लावली, टोक काखेशी धरलं. मी फीत घेऊन मागे गेलो, पाखांवरून ती वर ओढली आणि तशीच तिरपी पुढे आणली.

"फीत वर गेली," म्हातारा म्हणाला. खोडाला गाल लावून तो एका डोळ्यानं बघत होता. "खाली घे."

मी दोन बोटं खाली घेतली.

"अजून खाली. माझ्या काखेशी आण."

"एवढ्यानं काय होतंय, बाबा," मी हळू आवाजात म्हणालो.

"असा नाय चालत," तो म्हणाला, आणि रेंजर साहेबांकडे वळून, "तू ये, बघ. गारड फीत तिरकी धरतो." साहेब आले. त्यांनी माझ्या हातातून फीत घेतली आणि स्वतः सरळ करून काखेशी आणली. दहा फूट एक इंच. मला वाहवा मिळाली नाही, म्हाताऱ्याला मिळाली. साहेब म्हणाले, असा प्रामाणिक माणूस खात्यात शोधून सापडायचा नाही.

म्हाताऱ्यानं फीत गुंडाळली. त्या वर्षी त्यानं "अजून किती" विचारलं नाही. तो फक्त माझ्याकडे बघत राहिला, जरा वेळ. मला वाटलं, मी फीत तिरकी धरली म्हणून रागावलाय. मी वहीत दहा फूट एक इंच लिहिलं. साहेबांनी नोंदीखाली सही केली आणि खोडावर तोडीचा हातोडा पडला.

परत येताना बदलापूरपर्यंत मी साहेबांबरोबर चालत होतो. दोन-अडीच तासांची वाट. त्यांना सांगायला मला दहा वाक्यं पुरली असती. वाटेत ते मुलीच्या लग्नाचं बोलत होते आणि मी हो हो म्हणत होतो. पुढचे पंधरा दिवसही माझ्या हातात होते. कागद वर जायचा होता, ठेकेदार यायचा होता. मी रोज ठरवलं आणि रोज टाळलं.

झाड तोडण्याआधी म्हाताऱ्यानं एक मागणं केलं, मोहोळं आम्हाला काढू द्या. ठेकेदारालाही तेच हवं होतं. मुलगे चढले, धूर केला, सगळी पोळी एकदाच काढली. एरवी ते अर्धी ठेवत. मग दोन दिवस करवत चालली आणि सावर पडली. पडताना तिनं एक ऐन आणि दोन लहान झाडं बरोबर नेली. आडवी पडल्यावर मी तिची उंची फितीनं मोजली, एकशे अठरा फूट. बुंधा आतून पोकळ नव्हता. पार गाभ्यापर्यंत पांढरा, भरीव.

म्हातारा त्या बुंध्यावर येऊन बसला तेव्हा माणसं जेवायला गेली होती. मी त्याच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. काठीचं, नऊ फूट सात इंचांचं, तो वाकल्याचं. सांगताना मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. त्याला धक्का बसेल, तो चिडेल, यातलं काहीच झालं नाही.

"मना ठाव होता," तो म्हणाला. "तो शिंपी बोलला ना. मी तिथंच उभा होतो."

"तुला हिंदी कळते?"

"चार-पाच बोटं कळाया हिंदी कशाला पायजे? त्यानं बोट लावून दावली." त्यानं स्वतःच्या काखेशी बोट लावलं. "तूबी ऐकलास, म्हणून मी गप रायलो. मना वाटला, आता हा वहीत तेवढा कमी करून लिहील. शिकलेला हाय. म्हणून त्या दिशी मी फीत वर जाऊ दिली नाय. तू वहीत कापणार, आन् फीतबी वर गेली तर दोनदा कापला जाईल. आकडा खोटा झाला असता."

त्याच्या लेखी मी त्या दिवशी फक्त फीत तिरकी धरणारा गडी नव्हतो. त्याची चूक वहीत सुधारून घेणारा माणूस होतो, आणि त्या भरवशावर त्यानं स्वतः साहेबांना बोलावून आकडा खरा करून दिला होता.

"मंग कमी कशापायी नाय लिहिला तू?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

वहीचं कारण माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "तुला वाईट वाटलं असतं, बाबा. सगळ्यांसमोर."

त्यानं बुंध्यावरचा भुसा हातानं झाडला.

"वाटला असता," तो म्हणाला. "दोन दिस वाटला असता."